बातमीला एक सोडा

माजलगावच्या मोंढ्यात सिद्धाराम तोडकरी ऊर्फ आप्पा यांच्या सोड्याच्या दुकानाचा एक नियम होता आणि तो हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. छर्र्याच्या मशीनबद्दल जो नवी बातमी आणील त्याला एक गोटी सोडा फुकट. आप्पा बातमी ऐकून घेत, एखाददुसरा प्रश्न विचारत आणि बाटलीतली गोटी अंगठ्यानं आत दाबून बाटली पुढं करत. बातमी पुढं खोटी निघाली तरी प्यालेला सोडा परत मागता येत नाही, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आलं.

मशीन म्हणजे चार पायांवरचं, उतरत्या फळीचं, काचेनं झाकलेलं एक लांबट खोकं. नाणं टाकायचं, स्प्रिंगचा दांडा ओढून पोलादी छर्रा वर उडवायचा. तो रबरी टोप्यांवर आपटत, घंटा वाजवत खाली घरंगळतो. खाली दोन पंख असतात, दोन बाजूंच्या दोन बटणांवर चालणारे. त्यांनी छर्र्याला पुन्हा वर हाणायचं. मधल्या फटीतून गेला की गेला. कुणी चिडून मशीनला धक्का दिला तर सगळे दिवे जात आणि पंख लुळे पडत. मोंढ्यात त्याला म्हणत, 'मशीन रुसली.' रुसलेल्या मशीनपुढं मोठमोठे बागायतदार ओशाळून उभे राहिलेले लोकांनी पाहिले होते.

आप्पांनी ती त्र्याऐंशी साली सिकंदराबादहून आणली. गेले होते पाहुण्याच्या लग्नाला. तिथं एका बंद पडत चाललेल्या क्लबात अशा चार मशिनी ओळीनं उभ्या होत्या. आप्पा खेळायला लागले आणि लग्नाची पंगत उठून गेली तरी परतले नाहीत. चारातली एक त्यांना मिळाली. रेल्वेनं परभणीला आणि तिथून मोंढ्यातल्याच राधाकिशनच्या टेम्पोतून माजलगावला. त्या दिवसापासून राधाकिशन स्वतःला मशीनचा मामा म्हणवून घेई. नवरी आणली त्याला मान नको का, असं त्याचं म्हणणं.

मशीनच्या मागच्या टोकाला उभी काच होती, तिच्यावर सर्कशीचं चित्र. झोक्यावर लटकलेल्या दोन गोऱ्या बाया, बिनबाह्यांच्या. आप्पांच्या पत्नी शांतादेवी यांनी ते पाहिलं आणि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. त्यानं दोघींना कोपरापर्यंत हिरव्या बाह्या काढून दिल्या. काचेमागं दिवे होते, रंग मात्र जाड. त्यामुळं मशीन सुरू झाली की सगळं चित्र उजळे आणि बाह्या तेवढ्या काळ्या पडत. शिकागोत तयार झालेल्या त्या मशीनवर मराठवाड्याची एवढीच एक सही होती.

मशीन ठेवली होती पुढच्या खोलीत, डाव्या भिंतीला अगदी चिकटून. खोली चांगली ऐसपैस. पण आप्पांच्या डोळ्यांपुढून सिकंदराबादची ओळ हलत नव्हती. एका मशीननं काय होतं, ओळ पाहिजे. पुढच्या येतील त्यांना जागा हवी म्हणून पहिलीला कडेला सारली आणि उरलेली खोली मोकळी ठेवली. भिंतीमुळं खेळणाऱ्याचं डावं कोपर आखडे. उजव्या पायावर भार देऊन, कंबर बाहेर काढून, तिरकं उभं राहिल्याशिवाय डावं बटण हाताशी येत नसे. मोंढ्यातल्या एका पिढीला ते उभं राहणं अंगवळणी पडलं. कुणी पानाच्या टपरीवर तसा उभा दिसला तरी ओळखावं, हा आप्पांच्या मशीनवरचा.

पुढच्या मशिनी मात्र येत नव्हत्या. परदेशी माल सहज येण्याचे ते दिवस नव्हते. आप्पांना बाहेरची खबर देणारा माणूस एकच, आसाराम. तो तंबूतल्या सिनेमांची प्रोजेक्टरं दुरुस्त करत मराठवाडाभर फिरे. जिथं जाई तिथं मशीनवाल्यांकडं डोकावे. परभणी, लातूर, उदगीर अशा ठिकाणी एखाददुसरी मशीन होती म्हणे. हे मशीनवाले एकमेकांना कधी भेटलेले नव्हते, पण आसारामच्या तोंडून एकमेकांची ख्यालीखुशाली त्यांना ठाऊक होती. कुणाच्या मशीनचं कॉइल जळलं, कोण रबराऐवजी सायकलची ट्यूब कापून लावतो, सगळं. आसाराम यायचा तेव्हा आप्पा दुकानाची फळी अर्धी लावून घेत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चाले.

एक्क्याण्णव साल उजाडलं आणि बातम्यांचा पूर आला. देशाचे दरवाजे उघडले, असं पेपरात येत होतं. मोंढ्यात सकाळी डंकेलचा प्रस्ताव, दुपारी परदेशी बियाणं आणि संध्याकाळी केबलची तार हेच विषय. या हवेत छर्र्याच्या मशीनलाही पंख फुटले. एक अडत्या सांगे, शिकागोत संप झालाय, म्हणून कंपन्या जागा शोधायला निघाल्यात. एसटीचा कंडक्टर सांगे, मुंबई बंदरात मशिनींचं आख्खं जहाज लागलंय, पण कस्टमच्या सायबाला कळंना हे खेळणं म्हणायचं का यंत्र, म्हणून अडलंय. एका मास्तरांनी तर नव्या मशिनी माणसाशी बोलतात अशी बातमी आणली.

"काय बोलत्यात?" आप्पांनी विचारलं.

"खेळ चुकला की हासत्यात म्हणे."

"मग आपल्याकडं न्हाई चालायच्या," आप्पा म्हणाले आणि सोडा फोडला. गंमत अशी, की ही बातमी खरी होती.

आप्पा भोळे नव्हते. बातमी ताडून पाहण्याची त्यांची एक रीत होती. एका तोंडची गोष्ट म्हणजे गप. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी, दोन गावांहून तीच सांगितली तर मात्र बातमी. संपाची एकानंच सांगितली, सोडली. जहाजाचीही तशीच. ही चाळणी त्यांनी स्वतःच बसवलेली होती आणि तिच्यावर त्यांचा भरवसा होता. शांतादेवींचा नव्हता.

"तुमी सोडा वाटता म्हणून लोक गप्पा आणत्यात," त्या म्हणत. "उद्या सोडा बंद करा, बघा शिकागो जाग्यावर राहतंय का."

आप्पा हसून सोडून देत.

पंचाण्णव सालच्या माघात अमरसिंह दुकानात आला. पुढाऱ्याचा पुतण्या, उसाच्या बागायतीत वाढलेला, वागायला अदबशीर. त्याला व्हिडिओ गेमचं पार्लर काढायचं होतं आणि मोंढ्याच्या तोंडाशी आप्पांच्या पुढच्या खोलीसारखी दुसरी जागा नव्हती.

"आप्पा, खोली मोकळीच हाय की तुमची," तो म्हणाला.

"मोकळी न्हाई. राखीव हाय."

"कुणासाठी?"

आप्पांनी भिंतीकडच्या मशीनकडं नुसतं पाहिलं. अमरसिंहानंही पाहिलं. तो हसला नाही, हे आप्पांनी त्याच्या खात्यावर कायमचं जमा धरलं.

"पाडव्यापर्यंत थांबतो," तो म्हणाला. "पाडव्याला हो का न्हाई ते सांगा. न्हाईतर मी बसस्टँडकडं जागा बघतो. पण ती मशीन मागं घ्यावी लागंल. माझी पोरं टीव्हीकडं बघणार, मधी टणटण नको."

तो गेल्यावर शांतादेवींनी एवढंच विचारलं, "किती वर्षं राखायची?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. आप्पा उठून खोली झाडू लागले.

फाल्गुन लागता लागता आसाराम आला. पाणी प्यायच्या आधीच बोलला. "आप्पा, काम झालं. वाळूजला कारखाना निघतोय. छर्र्याच्या मशिनीचा. उदगीरात ऐकलं, लातुरातबी ऐकलं. ज्याच्याकडं जुनी मशीन चालू हालतीत हाय, त्यालाच एजन्सी देणार हायेत. जिल्ह्याला एक."

आप्पांच्या हातातली बाटली हातातच राहिली. कारण अशीच काहीशी गोष्ट राधाकिशननं दिवाळीच्या सुमारास सांगितली होती. औरंगाबादकडं मशिनीचा कारखाना निघतोय, म्हणून. तेव्हा एका तोंडची म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली होती. आता आसाराम. आणि आसाराम सांगतोय उदगीर-लातूरची. दोन तोंडं झाली, गावंही वेगळी. चाळणीतून गोष्ट पार उतरली.

राधाकिशनला बोलावणं गेलं. त्यानं आसारामचं सगळं ऐकून घेतलं आणि तोंडाचा आ करून पाहत राहिला. "खरंच?" तो म्हणाला. मग स्वतःशीच मान डोलवत, "म्हंजी निघतोयच की कारखाना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, कपाळाला भस्माची तीन बोटं ओढली आणि टेम्पोत राधाकिशनशेजारी बसले. शांतादेवींनी दशम्या बांधून दिल्या. अडवलं नाही. गढीच्या फाट्यावरून टेम्पो औरंगाबाद रस्त्याला लागला तशी आप्पांनी खोलीची आखणी सुरू केली. पहिली मशीन तिच्याच जागी. दुसरी तिच्या शेजारी, मधे माणूस मावेल एवढी फट. वायरिंग नवं. गोदावरीच्या पुलावर राधाकिशननं गाडी हळू केली आणि नाणं टाकून नदीला हात जोडले. आप्पांनीही जोडले.

वाळूजला कारखान्यांच्या रांगाच रांगा. स्कूटरचे, औषधांचे, दारूचे, पत्र्याचे. दोघं फाटकाफाटकाला विचारत फिरले. छर्र्याची मशीन म्हणजे काय हे समजावून देताना आप्पा दोन्ही हातांची बोटं पंखांसारखी हलवून दाखवत. राखणदार बघत राहत. एकानं त्यांना बेअरिंगच्या कारखान्याकडं धाडलं. छर्रे म्हटल्यावर त्याची काही चूक नव्हती.

त्या बेअरिंगच्या कारखान्याचा राखणदार मात्र आप्पांची बोटं पाहून उठूनच उभा राहिला.

"तुमीबी तेच काय?" तो म्हणाला. "सकाळधरनं एक जण बसलाय तिकडं लिंबाखाली. अशीच बोटं हालवत आलता."

लिंबाखाली एक ठेंगणे गृहस्थ डबा सोडून बसले होते. कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. आप्पा जवळ गेले. दोघांनी एकमेकांना आधी कधी पाहिलेलं नव्हतं, पण आप्पांनी विचारलं, "उदगीर?" आणि ते म्हणाले, "माजलगाव. सिद्धारामआप्पा. काचेवर बाह्या काढल्यात ते."

उदगीरचे धर्मराज ते. बारा वर्षं ऐकलेला माणूस असा समोर बसलेला पाहून आप्पांना आपण कशासाठी आलो तेच क्षणभर आठवेना. धर्मराजांनी डबा पुढं केला. आप्पांनी दशम्या सोडल्या. राधाकिशन थोडा लांब बसून विडी ओढू लागला. आधी कॉइलची चौकशी झाली, मग रबराची. ट्यूब कोणत्या सायकलची बरी यावर दोघांचं पटलं नाही. मग धर्मराज म्हणाले, "कारखाना काय सापडंना. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आसारामनं. त्यानं उदगीरात ऐकलं म्हणे."

धर्मराजांनी घास खाली ठेवला. "उदगीरात तर मीच सांगत फिरतोय. मला आसारामनंच सांगितलं. संक्रांतीला आलता."

"आन् त्याला?"

"माजलगावच्या मोंढ्यात ऐकलं म्हणला. कुणी टेम्पोवाला सांगत होता. एजन्सीचं तेवढं आमच्याकडचं असंल. लोक म्हणले, देतील तर जुन्या मशीनवाल्यालाच देतील की. पुढं तेच 'देणार' झालं असंल."

आप्पांनी मान वळवली. राधाकिशनची विडी विझली होती, तरी तो ती ओढत होता.

"राध्या."

राधाकिशन उठला नाही. "दिवाळीला लई तहान लागलती, आप्पा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "जालन्याहून ट्रिप मारून आलतो. तुमी बाटली हातात घिऊन विचारलं, काय नवं? मी म्हणलं, औरंगाबादकडं कारखाना निघतोय. बास, एवढंच. मग आसाराम आला आन् त्यो बी तेच सांगाया लागला, तवा मला वाटलं, मायला, आपलं खरं निघालं."

"मग गाडी काढताना कावून बोलला न्हाईस?"

"मला खरंच वाटलं ना, आप्पा."

धर्मराज हसायला लागले. डबा मांडीवरून घसरला तरी हसत राहिले. आप्पांना हसू आलं नाही. चाळणी आपली होती आणि भोकही आपणच पाडलेलं होतं, हे त्यांना लख्ख दिसत होतं. दोन तोंडं, दोन गावं, आणि तळाशी एक गोटी सोडा.

परतीच्या वाटेवर पाचोडला चहा झाला. गोदावरीच्या पुलावर राधाकिशननं पुन्हा नाणं टाकलं. या खेपेला आप्पांनी हात जोडले नाहीत. माजलगाव जवळ आल्यावर तो म्हणाला, "दोन शिव्या तरी द्या." आप्पा म्हणाले, "गाडी नीट चालव."

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर आप्पांनी अमरसिंहाला निरोप धाडला. खोली दिली. मशीन मागच्या खोलीत गेली, सोड्याच्या रिकाम्या क्रेटांशेजारी, आणि तिथंही सवयीनं डाव्या भिंतीलाच लागली. त्या दिवसापासून बातमीचा सोडाही बंद झाला. मोंढ्याला हे जड गेलं. एक-दोघांनी बातम्या आणून पाहिल्या. आप्पा ऐकून घेत आणि ग्लास विसळू लागत. महिन्याभरात शिकागो जाग्यावर बसलं. शांतादेवी म्हणाल्या होत्या तसंच झालं, पण त्यांनी त्याची आठवण करून दिली नाही.

राधाकिशन येई, स्वतःच्या पैशानं सोडा पिई, पावसापाण्याचं बोले. मशीनबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. आप्पांची धर्मराजांशी मात्र सोयरीक जुळल्यासारखी झाली. दर कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला दोघं येत, मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेत आणि धबधब्याच्या अलीकडं दगडावर बसून ट्यूबेचा वाद पुढं चालवत. वाळूजच्या फेऱ्यातून एवढं तरी निघालं, असं धर्मराज म्हणत. आप्पा म्हणत, "दोन एजंट भेटले."

अमरसिंहाचं पार्लर तीन-चार वर्षं दणक्यात चाललं. खोलीत पोरांची रीघ लागे आणि भिंतीपलीकडं मशीन झाकून उभी असे. आप्पा दर सोमवारी तिचं झाकण काढत, काच पुसत, एक डाव खेळत. कुणी जुनं माणूस आलं तर त्यालाही मागं नेत. पुढं टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम घरोघर आले, गावातल्या अर्ध्या घरांत केबल पोचली, पार्लरात माश्या बसू लागल्या. नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात अमरसिंहानं सामान उचललं आणि किल्ली आप्पांच्या हातात दिली. पुढची खोली पुन्हा रिकामी झाली. कोण म्हणे तिथं एसटीडी काढा, कोण म्हणे झेरॉक्स. आप्पा मात्र सकाळी फळ्या काढत, खोली झाडून घेत, संध्याकाळी फळ्या लावत.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी राधाकिशन आला. आता त्याचे केस पिकले होते आणि टेम्पो पोरगा चालवत होता. तो बाकावर बसला नाही.

"आप्पा, एक बातमी हाय," तो म्हणाला. "सोडा नको."

आप्पांनी फडकं खाली ठेवलं.

"शिकागोचा मोठा कारखाना बंद झाला. मशिनीचं कामच बंद केलं त्यांनी. आता नव्या न्हाई निघायच्या तिथनं."

"कोण म्हणलं?"

"मोंढ्यामागचे डॉक्टर. त्यांचा जावई हाय तिकडं. त्यानं फोनवर सांगितलं. मी पाय मुरगाळला म्हणून गेलतो, तर तुमची इचारपूस निघाली आन् ते म्हणले." थोडं थांबून तो म्हणाला, "मी परत परत इचारलं, आप्पा. त्यांना वैताग आणला."

आप्पा पायात चपला सरकवून शेजारच्या एसटीडीवर गेले. उदगीरचा नंबर लागायला वेळ लागला. धर्मराजांनी आवाज ओळखला आणि आप्पांनी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "कळलं का तुमाला?" त्यांना हैदराबादच्या एका सुटे भाग विकणाऱ्यानं सांगितलं होतं. त्याचा माल तिकडून येणं थांबलं होतं. आसाराम? आसाराम वारून दोन वर्षं झाली होती. या बातमीत त्याचा हात असणं शक्य नव्हतं.

दोन तोंडं, दोन गावं. आप्पांनी फोन ठेवला.

दुकानात आले तेव्हा राधाकिशन तसाच उभा होता. शांतादेवी मागच्या दारात येऊन थांबल्या होत्या. आप्पा पुढच्या रिकाम्या खोलीत गेले, मधोमध उभे राहिले आणि चारी भिंतींकडं पाहून घेतलं. मग म्हणाले, "राध्या, मोंढ्यातनं माणसं बोलाव. मशीन पुढं घ्यायची हाय."

हमाल आले. त्यांतले दोघे त्र्याऐंशी साली टेम्पोतून ती उतरवणारे. दारातून वळवताना मशीनचा पाय चौकटीला घासला तेव्हा राधाकिशन त्यांच्यावर असा खेकसला, की त्याचा मामेपणा अजून गेला नसल्याची सगळ्यांची खात्री पटली. हमाल सवयीनं डाव्या भिंतीकडं निघाले.

"तिकडं न्हाई," आप्पा म्हणाले. "मधी."

"मधी? मग बाकीच्यांना जागा..." एक हमाल बोलून गेला.

"मधी ठेवा."

मशीन खोलीच्या मधोमध उभी राहिली. चारी बाजूंनी मोकळी. आप्पांनी वायर ओढली, ट्रान्सफॉर्मर लावला. दिवे लागले, सर्कस उजळली, बायांच्या बाह्या काळ्या पडल्या. शांतादेवी पुढं आल्या, पदरानं काच पुसली आणि म्हणाल्या, "रंग अजून धरून हाय."

पहिला डाव आप्पांनी राधाकिशनला दिला. तो मशीनपुढं नीट, सरळ उभा राहिला. दोन्ही कोपरं मोकळी. दांडा ओढला, छर्रा वर गेला, टोप्यांवर वाजला, खाली आला, आणि राधाकिशनचं डावं बोट बटणावर पडायच्या आत मधल्या फटीतून निघून गेला. दुसरा गेला. तिसराही गेला.

"काय बे, हात गेला का तुझा?" एका हमालानं विचारलं.

राधाकिशननं त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्यानं उजव्या पायावर भार दिला, कंबर बाहेर काढली, नसलेल्या भिंतीशी डावं कोपर आखडून घेतलं आणि तिरका उभा राहिला. मग छर्रा उडवला. घंटा वाजू लागली आणि बराच वेळ वाजत राहिली.

आप्पा आत गेले आणि एक बाटली घेऊन आले. गोटी अंगठ्यानं आत दाबली आणि बाटली मशीनच्या काचेवर, त्याच्या उजव्या हाताशी ठेवली.